नाना, तुझं इंग्रजी

नाना, वहिनीचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. फळ्यावर ‘गिव्ह अप’ आणि ‘गिव्ह इन’ शेजारी शेजारी लिहिलेलं होतं आणि ‘गिव्ह इन’चं वाक्य मी नुकतंच लिहायला घेतलं होतं. टेबलावरचा फोन थरथरत होता. तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा तो घेऊन दाराबाहेर आले. वहिनी म्हणाली, “ताई, त्या गयात व माय.” मी विचारलं, “कुठे?” मग कुणीतरी तिच्या हातून फोन घेतला आणि मला नीट सांगितलं. नेहमीसारखा कापसाच्या जिनिंगमध्ये कामावर गेलास, काम सुरू करण्याआधी बाकावर टेकलास, आणि उठलाच नाहीस.

मी ‘बरं’ म्हटलं. वर्गात परत गेले आणि अर्धवट वाक्य पूर्ण केलं. तास संपायला सात-आठ मिनिटं होती. तेवढी मी शिकवली, नाना. हजेरी घेतली. एका मुलीने ‘गिव्ह आउट’ म्हणजे काय विचारलं, तेही सांगितलं. कुणाला काही कळलं नाही. हे मी घरीसुद्धा बोलले नाही. तुला सांगते आहे, कारण तुला ते विचित्र वाटणार नाही. हातात घेतलेला मशीनचा पट्टा चढवल्याशिवाय तूही जेवायला उठायचा नाहीस.

मग धुळ्याच्या गाडीसाठी बसस्टँडवर गेले. पाण्याची बाटली घेतली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. शेजारची बाई भरीताच्या वांग्यांचा भाव सांगत होती, मी हो-हो करत होते. तुझ्या दारात चपलांचा ढीग पडला होता. आत जायचं सोडून मी त्या चपला जोडीने लावत बसले. मला कुणीतरी दंडाला धरून आत नेलं.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. लोक दारावर येत होते, बसत होते, जात होते. मी चहाचे कप विसळत होते. अधूनमधून फोन उचलून बघत होते, तुझा मिस्ड कॉल आहे का म्हणून. सवय, दुसरं काही नाही.

तू दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झालास. आबांनी शिरपूरच्या एका ओळखीच्या माणसाला सांगून तुला धुळ्याला जिनिंगमध्ये चिकटवलं. मी तेव्हा सहावीत होते. तुझं इंग्रजीचं गाइड माझ्याकडे आलं. त्यात तू एकाच पानावर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, ‘रन’ आणि त्याला लागणाऱ्या ‘आउट’, ‘ओव्हर’, ‘इन’च्या पानावर. बाजूला लिहिलं होतं, ‘पळणे. मग हे बाकीचे काय?’ मी त्यावर हसले होते. पुढे मी इंग्रजी घेऊन एम. ए. झाले, जळगावला लागले, आणि तू ऑइलमन होतास तो फिटर झालास.

तुझ्या त्या बाकीच्यांचा शोध तू कधी सोडला नव्हतास, हे मला फार उशिरा कळलं. जिनिंगमध्ये नवी मशिनं आली, बसवणारा इंजिनीअर आठ दिवसांत निघून गेला आणि मागे राहिलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. ऑफिसातल्या लोकांनी ते कपाटात टाकलं. तू ते मागून घेतलंस. शब्दकोश उघडून एकेक वाक्य लावत बसायचास. क्रियापद सापडायचं, पण त्याच्या मागे लागलेला बारका शब्द सगळं बिघडवून टाकायचा. मग तू शब्दकोश मिटून सरळ मशीनजवळ जायचास आणि वाक्य हाताने करून बघायचास.

त्यातून तुझी ती लांबट वही झाली. डावीकडे इंग्रजी, आपल्या अक्षरांत. उजवीकडे अर्थ नाही, काम. ‘टेक अप: पट्टा ढिला पडला की ताण घेणे. अप म्हटलं तरी वर काही जात नाही.’ ‘टॉप अप: तेल कमी असेल तेवढंच घालणे, काठोकाठ नाही.’ ‘वेअर इन: घासून घासून बसणे. वेअर आउट: घासून घासून संपणे. घासणं तेच.’ ‘रन इन: नवं मशीन माल न टाकता चालवणे, अंगवळणी पडेपर्यंत.’ मी तोवर वीस वर्षं हा विषय शिकवत होते. ‘रन इन’ला इतका चांगला मराठी अर्थ मी कधी दिला नव्हता.

पण त्या वहीशी माझी गाठ पडली ती माझ्या फजितीमुळे.

मालकांच्या मनात आलं की मजुरांसाठी प्रत्येक मशीनजवळ मराठीत सूचना लावाव्यात. तू अभिमानाने सांगितलंस, “मनी बहीन प्रोफेसर शे, ती लिखी दी.” मी दोन रविवार बसून तेवीस सूचना लिहिल्या, कॉलेजात टाइप करून घेतल्या आणि स्वतः घेऊन आले. तू चष्मा लावून अंगणात वाचायला बसलास. नवव्या सूचनेवर थांबलास. परत वाचलीस. मग खांदे हलायला लागले.

“हाई काय लिखेल शे तू?”

मी बघितलं. मूळ वाक्य होतं, ‘बॅक ऑफ द लॉक नट हाफ अ टर्न.’ मी लिहिलं होतं, ‘लॉक नटपासून अर्धे वळण घेऊन मागे व्हावे.’

“सर्वा मांगे सरकी ग्यात, ते नट कोन ढिला करी? तुना प्रिन्सिपल?”

वहिनी हसली, शेजारचे हसले. मला राग आला. मी म्हटलं, “नाना, ‘बॅक ऑफ’ म्हणजे मागे हटणे. कुठल्याही शब्दकोशात बघ.” तू एकदम हसायचा थांबलास. म्हणालास, “चाल मन्हासंगे.”

जिनिंगला त्या दिवशी सुट्टी होती. रिकाम्या शेडमध्ये सगळीकडे रुईचे पुंजके चिकटलेले होते. तू माझ्या हातात पाना दिलास आणि नटावर बसवून दिलास. “फिरव.” मला जोर लावावा लागला. करकर आवाज करत नट अर्धा फिरला. “आते सांग,” तू म्हणालास, “कोन मांगे सरकनं?”

मी म्हटलं, “नट.”

“मंग?”

मग तू मला त्या नटाने धरलेलं, कापसातून सरकी सोडवणारं चाकूचं पातं दाखवलंस. नट सैल न करता कुणी पातं हलवायला गेलं असतं तर ते मोडून रोलरमध्ये गेलं असतं, आणि समोर सरकी ओढायला बायका उभ्या असतात. तू हे ओरडून सांगितलं नाहीस. फक्त त्या बायका उभ्या राहतात ती जागा दाखवलीस. मी घरी आल्यावर तेवीसच्या तेवीस सूचना पुन्हा लिहिल्या, तू पुढे केलेली वही शेजारी ठेवून, तुला एकेक वाचून दाखवून.

त्यानंतरची चार-पाच वर्षं माझी फार चांगली गेली, नाना. सुट्टी लागली की मी धुळ्याला. वहिनी म्हणायची, “ह्या दोन्हीस्ले जेवाननी सुद नही.” तू आता मशीनच्या पुस्तकावर थांबत नव्हतास. क्रिकेटची कॉमेंटरी ऐकून शब्द टिपायचास, मोबाइल कंपनीच्या बाईशी उगाच बोलणं लांबवायचास, ती काय म्हणते ते ऐकायला. जिनिंगमधल्या लोकांच्या तोंडातही किती शब्द रुळलेत हे तूच मला दाखवलंस. ‘जिन चोकप झाली’, ‘लाइनचा शटडाऊन घे’, ‘मोटर कटआउट मारते’. “ह्यास्ले कोन शिकाडं?” तू विचारायचास. “त्या कामवर गयात आनि शब्द लई उनात.”

कामावर गेले आणि शब्द घेऊन आले, एवढंच तुझं म्हणणं; आपलं भांडण तिथेच होतं. मी म्हणायचे, यात नियम आहेत, गट आहेत, काही जोड्यांच्या मधे कर्म शिरतं, काहींच्या शिरत नाही. मुलांना यादी द्यावीच लागते. तू म्हणायचास, यादी पाठ करून शब्द कळत नाही, तो काय काम करतो ते बघावं लागतं. एकदा तू ठामपणे सांगितलंस की ‘ऑफ’ म्हणजे सुटणं. कुठेही बघ, काहीतरी सुटतंच. मी तुला पकडलं. “मग अलार्म ‘गोज ऑफ’ म्हणजे वाजतो कसा? बंद का नाही होत?” मला जिंकल्यासारखं वाटलं. तीन दिवसांनी, ऐन तासाच्या वेळी, तुझा फोन. “सुटस ना वं तो! दाबी ठेयेल व्हता, येळ व्हयनी आनि सुटना.” मी म्हटलं, “बरं, मग ‘पुट ऑफ’मध्ये, पुढे ढकलण्यात, काय सुटतं?” तू म्हणालास, “आजना दिन.”

व्याकरणाच्या दृष्टीने ते चूक आहे, एवढंच मी म्हणू शकते.

आणि एकदा तू सहज म्हणालास की आपण तरी वेगळं काय करतो? आपल्याकडेही तो बारका शब्द मागून येतोच. सांगून टाक, सांगून ठेव, सांगून बघ. सांगणं एकच, पण तिन्हींत माणूस वेगळा. दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितलं. मुलं खूश झाली. तुझं म्हणून सांगितलं नाही.

आता त्या पुस्तिकेचं बोलते. इतके दिवस टाळत आले.

विभागाने विद्यार्थ्यांसाठी एक छोटं पुस्तक काढायचं ठरवलं आणि काम माझ्याकडे आलं. मी तुझी वही मागितली. तू विचारलंही नाहीस कशाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कंडक्टरच्या हाती पाठवून दिलीस. पुस्तिकेतल्या साठ नोंदींपैकी चाळीस तुझ्या आहेत, नाना. भाषा मी जरा नीट केली, शुद्धलेखन बघितलं. उदाहरणं तुझी, क्रम तुझा, ‘घासणं तेच’ हे वाक्यसुद्धा तुझं.

पहिल्या कच्च्या प्रतीत मी तुझं नाव लिहिलं होतं. आभारात नाही, वर, माझ्या नावाशेजारी. खरंच लिहिलं होतं. एका सहकाऱ्याने वाचलं आणि विचारलं, “हे कोण? कोणत्या कॉलेजचे?” त्याने साधंच विचारलं होतं. मी म्हणू शकले असते, माझा भाऊ आहे, धुळ्याला फिटर आहे. मी म्हटलं, “ते राहून गेलंय, काढायचं आहे.” आणि काढलं. आधी वरून काढलं, मग वाटलं, आभारात तरी काय म्हणून लिहायचं? तिथूनही काढलं. आभार मानले प्राचार्यांचे, विभागाचे, छापखान्याचे आणि माझ्या यजमानांचे, ज्यांनी ते पुस्तक अजून उघडलेलं नाही.

प्रत घेऊन मी तुझ्याकडे आले. न येणं मला जमलं नाही आणि सांगणंही जमलं नाही. तू हात धुऊन आलास, खाटेवर बसलास, पानं उलटत गेलास. कुठल्या कुठल्या पानावर थांबलास ते मी बघत होते. शेवटी आभाराचं पान आलं. ते तू वाचलंस. सावकाश वाचलंस, वरून खालपर्यंत. मग पुस्तक मिटलंस आणि मुखपृष्ठावर तळहात फिरवलास.

“कागद चांगला शे,” म्हणालास.

मी पिशवीची घडी घालत बसले.

“बॅक ऑफ बराबर लिखेल शे.” आणि आत ओरडून वहिनीला चहा टाकायला सांगितलंस.

त्यानंतर माझं येणं कमी झालं. परीक्षा होत्या, कॉलेजच्या नॅक तपासणीची कामं होती, गुडघा दुखत होता. हे सगळं खरंही होतं. तू मात्र फोन करत राहिलास, पूर्वीसारखाच. तू रागावला असतास तर मला सोपं गेलं असतं.

शेवटचा फोन तू गेलास त्याच्या चार दिवस आधीचा. “रंजू, येळ शे का?” मी पेपर तपासत होते. तू म्हणालास, ‘पुट अप विथ’ असा एक सापडला आहे, तिघं एकाला एक लागून. पुट म्हणजे ठेवणं, अप म्हणजे वर, विथ म्हणजे सोबत. आणि तिघं मिळून सहन करणं कसं काय? मी म्हटलं, “नाना, गठ्ठा उद्या द्यायचा आहे, मग सांगते.” “निवांत सांग,” तू म्हणालास. “मी आपला इचारस.”

सुतक फिटायच्या, म्हणजे गंधमुक्तीच्या आदल्या दिवशी तुझ्यासोबत काम करणारे इस्माईलभाई दारावर आले. तुझ्याएवढेच, पांढरी दाढी. जाताना माझ्यापाशी थांबले. “ताई, वो किताब तुमचीच ना?”

मी हो म्हटलं.

“नाना डब्याच्या पिशवीत ठेवायचे. जेवणाच्या सुट्टीत आम्हाला वाचून दाखवायचे. म्हणायचे, मेरी बहन ने लिखी है. मी एक दिवस म्हटलं, अरे, ये तो अपने ही मशीन का है, ही तर तुझी बोली आहे. तर मलाच गप्प केलं. म्हणाले, बोली सगळ्यांजवळ असते, लिहायला माणूस लागतो.”

ते उठून गेले. ओसरीवर वहिनी होती, तुझ्या सासरचे लोक होते, भावकीतले चार-सहा जण होते. मला वाटलं नव्हतं मी बोलेन म्हणून. मी म्हटलं, “वहिनी, ते पुस्तक माझं नाही. नानाचं आहे. मी त्याचं नाव काढलं.” आवाज अगदी साधा निघाला, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसा. भावकीतल्या लोकांना काही समजलं नाही. कुठलं पुस्तक, कसलं नाव. एकाने दुसऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा उद्याच्या स्वयंपाकाचं बोलणं सुरू झालं.

वहिनी माझ्याजवळ सरकली. “मले मालूम शे, ताई,” ती म्हणाली. “त्यास्ले मी म्हनू, इचारा ना तिले. ते म्हनेत, नको, ती सोता सांगी. तिले येळ लागी, पन सांगी.”

ती रडत होती. माझा हात तिच्या पाठीवर होता आणि तो कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा मला दिसत होता.

वाट बघत होतास तर, नाना. दर फोनला? ‘येळ शे का’ म्हणायचास तेव्हाही? इतक्या वेळा तू दार उघडं ठेवलंस आणि मी दर वेळी तुझ्या क्रियापदांची उत्तरं देत राहिले. मला ओळखत होतास म्हणून थांबलास, की मला वाचवत होतास, हे आता विचारायचं कुणाला? आणि तरीही, खरं सांगू, त्या ओसरीवर मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. तुझ्या मनात माझ्याबद्दल काही वाईट असेल असं मी धरून चालले होते. तुझ्या मनात नुसता धीर होता.

जळगावला परतल्यावर पहिलं काम मी तेच केलं. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती छापखान्यात गेलेली होती. विभागप्रमुखांना फोन केला. ते म्हणाले, “आता बदल कशाला मॅडम, पुढच्या वेळी बघू.” मी म्हटलं, “नाही सर, याच वेळी.” मग त्यांना सगळं सांगितलं, वहीपासून. शेवटी ते म्हणाले, “करा.”

छापखान्याच्या मालकांना फोन लावला तेव्हा मागे यंत्र चालू होतं, त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. मी मोठ्याने सांगितलं की मुखपृष्ठावर माझ्या नावाच्या वर आणखी एक नाव घ्यायचं आहे, त्याच आकारात. तुझं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. त्यांनी परत म्हणून दाखवलं.

“पुढे काय लावू मॅडम? प्रा. की डॉ.?”

“काही नको. नावाखाली ‘फिटर’ लिहा.”

“फिटर?”

“हो. फि-ट-र. धुळे.”

ते लिहून घेत असावेत. मग त्यांनी यंत्र बंद करायला सांगितलं असावं, कारण आवाज एकदम थांबला. हळू आवाजात त्यांनी विचारलं, “मॅडम, मध्यंतरी पेपरात निधनवार्ता आली होती. हेच का ते? मग नावाआधी ‘कै.’ लावायचं ना?”

तू गेल्याचं इतक्या जणांनी इतक्या तऱ्हांनी मला सांगितलं होतं. मीही फोनवर कितीतरी लोकांना सांगितलं होतं, पत्त्यासकट, वेळेसकट. पण ते लिहायचं की नाही, हे कुणी मला विचारलं नव्हतं.

ते थांबले होते. “मॅडम?”

मी हो म्हटलं, नाना. लावा म्हटलं. फोन ठेवायचा राहूनच गेला. तिकडून ते हॅलो, हॅलो म्हणत होते आणि इकडे मी स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून, तोंडावर पदर दाबून, मोठमोठ्याने रडत होते.